आसन क्रमांक देव्हाऱ्यात, आम्ही समुद्रात

सिंगापूरच्या क्रूझची आगाऊ रक्कम भरायला म्हणून मी बोरिवली स्टेशनजवळच्या ट्रॅव्हलवाल्याकडे बसले होते. त्याने धाकटीचा पासपोर्ट उघडला, एक पान बघितलं आणि माझ्यापुढे सरकवला.

"मॅडम, हा सप्टेंबरात संपतोय."

"हो ना. आपण मेमध्ये जातोय."

"सहा महिने शिल्लक लागतात. आणि मुलाचा कुठंय?"

मुलाचा वर्षापूर्वीच संपून कपाटात पडला होता. तो ट्रॅव्हलवाला काही बोलला नाही, फक्त चहा मागवला. गिऱ्हाईक आता बराच वेळ बसणार, हे त्याला कळलं असावं.

लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचा असतो, एवढं मला माहीत होतं. पाच वर्षं किंवा अठरावा वाढदिवस, यातलं जे आधी येईल ते, हा पुढचा भाग डोक्यात कधी शिरलाच नव्हता. धाकटीला सप्टेंबरात अठरा पूर्ण होणार, म्हणजे पासपोर्टही त्याच दिवशी राम म्हणणार. नवीन काढताना पुन्हा तोच घोळ नको असेल तर एक वाट आहे. पंधरा ते अठरा वयाच्या मुलांना थेट दहा वर्षांचा पासपोर्ट मागता येतो. फी १,००० ऐवजी १,५०० रुपये, आणि आईवडिलांच्या संमतीचं जोडपत्र. आमच्या ओळखीतल्या तीन घरांत हा पर्याय कुणालाच ठाऊक नव्हता. ज्यांच्या घरात सोळा-सतरा वर्षांचं पोर आहे त्यांनी तेवढ्यापुरतं तरी हे लक्षात ठेवा.

मग मालाडचं पासपोर्ट सेवा केंद्र. ए काउंटरवर कागद, फोटो आणि बोटांचे ठसे, बीवर तपासणी, सीवर मंजुरी. आमचा टोकन नंबर बीवर अडकला तेव्हा धाकटी म्हणाली, "बारावीच्या पेपरला एवढं टेन्शन नव्हतं." थोरला सज्ञान, त्यामुळे त्याची पोलीस पडताळणी वेगळी. हवालदार आले त्या दिवशी साहेब दुपारी साडेबाराला झोपले होते. सासूबाईंनीच दार उघडलं, नातवाची चांगली वर्तणूक तोंडी कळवून टाकली आणि मग त्याला उठवलं.

आता मुळात क्रूझच का, तर बाकी कशावर घरात एकमत होत नव्हतं म्हणून. चार वर्षांपूर्वी केरळला गेलो होतो, गटाबरोबर. सकाळी सातला बॅगा खोलीबाहेर, साडेसातला नाश्ता, आठला बस. तेव्हा थोरला पंधराचा होता, बसच्या शेवटच्या सीटवर हेडफोन लावून बसला तो थेट कोचीनला उतरला. आता तो एकोणीसचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. त्याचं म्हणणं, "मला कुठेही न्या, फक्त उठवू नका." धाकटीला फोटो हवेत आणि एकटीने हिंडायचंय. नवऱ्याला सामान भरणं-उपसणं नको. मला स्वयंपाक नको. चौघांच्या चार अटी एकाच ठिकाणी बसतात असं ठिकाण म्हणजे बोट. खोली एकच राहते, गाव बदलत जातं, आणि कुणाला उठवावं लागत नाही.

सासूबाईंना विचारलं, येता का. त्या देवगडच्या. लग्न होऊन मुंबईला आल्या त्या बोटीनेच, भाऊच्या धक्क्याला. त्या काळी बोट बंदरात खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या, कोंबड्या, सगळं पडावातून तिथवर न्यायचं. ‘कोकण सेवक’ बोटीचं नाव निघालं की त्यांना अजूनही त्या इंजिनाच्या तेलाचा वास येतो म्हणे. "माका नको ती बोट," त्यांनी हात झटकले. पण मुलांना बजावलं, "बोट लागतली हां. आवळासुपारी घेवन जा."

बोट लागणं म्हणजे बोटीने धक्क्याला लागणं नव्हे, आपल्या पोटाला लागणं. धाकटीला हा शब्द इतका आवडला की पुढचा महिनाभर तिला अकाउंट्सची गाईडं बघूनही बोट लागत होती. नवरा मात्र हसला. "आई, अठरा मजली बोट आहे. लागायला ती काय मांडव्याची लाँच आहे?" हे वाक्य लक्षात ठेवा.

तारखेचा घोळ सांगितलाच पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यातून निघालं. थोरल्याची सेमिस्टर परीक्षा मेच्या तिसऱ्या आठवड्यात. नवऱ्याची बँक, त्यामुळे मार्चएंड संपल्याशिवाय नाव काढायचं नाही. जून म्हणजे पाऊस. उरला मेचा पहिला आठवडा. धाकटीच्या बारावीच्या निकालाचं काय, असं मी विचारलं तेव्हा तिघांनीही मला वेड्यात काढलं. २०२३ साली निकाल २५ मेला लागला, २०२४ साली २१ मेला. पहिल्या आठवड्यात कुठला निकाल? २०२५ साली परीक्षाच आठ-दहा दिवस आधी, ११ फेब्रुवारीला सुरू झाली होती. याचा अर्थ आमच्यापैकी एकाने तरी लावायला हवा होता. घरात एक इंजिनिअर होतोय, एक बँकेत आहे.

तर ठरलं असं: रविवार, ४ मे २०२५ला सिंगापूरहून निघायचं, सोमवारी मलेशियातलं पिनांग, मंगळवारी तिथलंच पोर्ट क्लांग, बुधवारी सकाळी परत सिंगापूर. तीन रात्री.

व्हिसाचं थोडक्यात सांगते. सिंगापूरचा व्हिसा अधिकृत एजंटामार्फत होतो, मुलाखत वगैरे नाही. पण तो एकापेक्षा जास्त वेळा आत येण्याचा आहे ना, हे बघून घ्या. बोट सिंगापूरहून निघाली की तुम्ही देश सोडलेला असतो आणि परतताना पुन्हा शिरत असता. त्यामुळे आगमनाचं ऑनलाइन कार्डही दोनदा भरायचं, विमानाने जाताना एकदा आणि बोटीने परतताना एकदा. ते फुकट असतं. पैसे मागणारी साइट उघडली तर समजा चुकीच्या घरात शिरलात. मलेशियाने डिसेंबर २०२३पासून भारतीयांना व्हिसा माफ केलाय, तो प्रश्न नव्हता. थोरल्याच्या कॉलेजचं बोनाफाइड मिळायला मात्र चार खेपा झाल्या, कारण खिडकीपलीकडच्या बाई जेवायला गेलेल्या असायच्या. साडेअकरालाही. बिलात पाच टक्के टीसीएस, म्हणजे परदेशी सहलीवर आधीच वसूल होणारा कर, दिसला तेव्हा नवऱ्याने भुवया उंचावल्या, पण तो पैसा बुडत नाही, रिटर्न भरताना वळता होतो. हे बँकवाल्याला मला सांगावं लागलं.

खोल्यांची मजा वेगळी. मी भाबडेपणाने म्हटलं, एक खोली आम्हा दोघांना, एक मुलांना. ट्रॅव्हलवाला म्हणाला, कंपनीला प्रत्येक खोलीत एकवीसच्या वरचं माणूस लागतं. एकोणीस आणि सतरा असं नाही चालणार. बरेच लोक कागदावर एकेक पालक लावतात आणि वर गेल्यावर किल्ल्या बदलतात, हेही त्याने हळूच सांगितलं. आम्ही तसं केलं नाही. बहीणभावाने एका खोलीत राहायला दोघांचाही ठाम नकार होता. तिच्या मते त्याच्या मोज्यांना बोट लागते. मग बाप-लेक एकीकडे आणि आम्ही मायलेकी दुसरीकडे, मध्ये उघडणारं दार. हे नाइलाजाने झालं, पण पुन्हा जायची वेळ आली तर मी मुद्दाम असंच करीन.

वयाच्या या रेघा बोटीवर जागोजागी भेटतात. तेरा ते सतरा वयाच्या मुलांसाठी वेगळी खोली होती, व्हिडिओ गेम, पिझ्झा, रात्री त्यांचाच नाच. धाकटी दारातून डोकावून परत आली. "आई, तिथे आठवीतली मुलं आहेत." मोठ्यांच्या कार्यक्रमाला अठरा पूर्ण हवेत, म्हणजे तिला चार महिने कमी. थोरल्याला तिथे प्रवेश, पण कॅसिनोला एकवीस लागतात, म्हणून तिथून तोही परत. दोघं एकाच वेळी दोन वेगवेगळ्या दारांतून हाकलली गेली आणि वरच्या डेकवर शेजारी शेजारी आइस्क्रीम खात बसली. गेल्या दोन वर्षांत मी त्यांना एवढा वेळ एका बाकावर पाहिलं नव्हतं.

पण मी पुढे पळाले. मरिना बे क्रूझ सेंटरला आम्ही गेलो मेट्रोने. चार मोठ्या बॅगा, चार पाठीवरच्या, आणि नवऱ्याचा युक्तिवाद की टर्मिनलच्या दाराशीच स्टेशन आहे, टॅक्सीला कशाला पैसे. स्टेशन खरंच शेजारी आहे, मरिना साउथ पियर. आमच्यासारखे बॅगा घेऊन उतरलेले निम्मे लोक गुजराती आणि मराठी होते, त्यावरून काय ते समजा.

एक्स-रे मशीनवर माझी बॅग बाजूला काढली. आत इलेक्ट्रिक किटली. बोटीवर इस्त्री, किटली, गरम होणारं काहीही चालत नाही. आग ही तिथली सगळ्यांत मोठी भीती. त्यांनी किटली ठेवून घेतली आणि एक पावती दिली, उतरताना घ्या म्हणून. माझ्या बाजूला आणखी सात किटल्या होत्या, सगळ्या आपल्याकडच्या. बाकरवडीच्या सीलबंद पुड्यांना मात्र कुणी हात लावला नाही.

आणि त्या रांगेतच धाकटीचा फोन वाजायला लागला. एक नाही, लागोपाठ पंधरा-वीस मेसेज. तिने स्क्रीन बघितली आणि नुसती माझ्याकडे वळवली. उद्या, सोमवार ५ मे, दुपारी एक वाजता बारावीचा निकाल.

कुणी काही बोललं नाही. मग नवरा म्हणाला, "चला, पुढे सरका, रांग चाललीय." माणूस घाबरला की व्यवस्थापन करायला लागतो.

बोटीवर पाय ठेवल्यावर दोन गोष्टी होतात. एक म्हणजे सगळ्यांना एकत्र जमवून आणीबाणीची तालीम. सात छोटे भोंगे आणि एक लांब, म्हणजे इकडे यायचं. टायटॅनिक बुडाल्यावर १९१४ साली जो आंतरराष्ट्रीय करार झाला त्याच्या वंशातले हे नियम, आणि ही तालीम कुणालाच चुकत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे फोन मरतो. किनारा मागे पडला की तुमचा रोमिंग पॅक निरुपयोगी. बोटीचं म्हणून जे नेटवर्क पकडतं त्याचे दर तुमच्या पॅकमध्ये बसत नाहीत, तेव्हा फोन आधीच फ्लाइट मोडवर टाका. उपग्रहाचं वायफाय विकत मिळतं, फोनमागे वेगळं. आम्ही येण्याआधीच ठरवलं होतं की वायफाय घ्यायचं नाही. आता मी नवऱ्याला बाजूला घेऊन म्हटलं, एका फोनपुरतं घेऊ या, इथे पैसे वाचवायचे नसतात. तो लगेच हो म्हणाला. नको म्हणाली ती धाकटी.

"मी बघितला नाही तरी तो लागणारच आहे ना? मला ग्रुपवर सगळ्यांचे टक्के बघायचे नाहीयेत. पिनांगला उतरल्यावर बघीन."

बरं, बघायचा कसा? बोर्डाच्या साइटवर आसन क्रमांक आणि आईचं नाव टाकावं लागतं. आईचं नाव तिच्यासमोर उभं होतं. आसन क्रमांक तिला पाठ नव्हता. हॉलतिकीट बोरिवलीला. कुठे आहे विचारल्यावर ती म्हणाली, "आजीने देव्हाऱ्यात ठेवलंय. गणपतीच्या पाटाखाली. परीक्षेच्या आधीपासून."

रात्री थोरल्याने बोटीचा सगळा नकाशा डोक्यात भरून घेतला. फोन नसल्यामुळे आम्ही एक पद्धत पाडली. रोज खोलीत कार्यक्रमाचा कागद येतो, त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहायचं आणि दाराच्या फटीत अडकवायचं: कुठे, किती वाजेपर्यंत. शोधायला जायचं नाही. रात्रीचं जेवण मात्र साडेसातला चौघांनी एकत्र, उशीर झाला तर बाकीचे वाट बघणार नाहीत. मुंबईत मी दिवसाला दहा वेळा ‘पोचलास का’ असं विचारते. कांदिवलीला पोचला तरी विचारते. इथे विचारायची सोयच नव्हती. पहिले दोन तास मला काही सुचत नव्हतं, सारखी दारापाशी जाऊन कागद बघत होते. मग लक्षात आलं की पोरं जाऊन जाऊन जाणार कुठे, चारी बाजूंनी पाणी आहे. त्यानंतर मी जी झोपले ती साडेतीन तास.

पहाटे चारच्या सुमारास धडाधड वीज, पाऊस आणि वारा. मलाक्काच्या सामुद्रधुनीत या दिवसांत सुमात्राकडून असे सोसाटे येतात, तास-दीड तासात ओसरतात. एरवी ते पाणी शांत; खिडकीतून पाहिलं तर मालवाहू जहाजांचे दिवे एका रांगेत, पश्चिम द्रुतगती मार्गावर रात्री ट्रक दिसतात तसे. बोट फार हलली नाही, पण हलली. मधल्या दारावर टकटक झाली. थोरला उभा. "आई, ती आजीची आवळासुपारी कुठंय? बाबा बाथरूममध्ये आहेत."

नवऱ्याने सकाळी आम्हा तिघांकडून शपथ घेतली.

सोमवारी जेवणानंतर धाकटी दिसेनाशी झाली. सिंगापूर आणि मलेशियाचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, म्हणजे मुंबईतला एक म्हणजे इथले साडेतीन. तीन वाजता मी खोलीत आले, दारात कागद होता. ‘१६ वर आहे. एकटी. ५ ला येते.’ एकटी या शब्दाखाली रेघ.

मी लिफ्टपर्यंत गेले. बटण दाबलं. लिफ्ट आली, दार उघडलं, आत एक चिनी आजोबा छोट्या नातवाला घेऊन उभे होते, त्यांनी माझ्यासाठी दार धरून ठेवलं. मी मान हलवली आणि परत फिरले. खोलीत येऊन तो कागद पुन्हा वाचला. पुढच्या बाजूला त्या दिवसाचे कार्यक्रम होते. साडेतीनला नॅपकिनच्या घड्या घालून हत्ती करायला शिकवणार होते. मी गेले. खरंच गेले, आणि तो हत्ती अजून आमच्या शोकेसमध्ये आहे, एक कान पडलेला. शेजारी वडोदऱ्याच्या एक बाई होत्या, त्यांचाही मुलगा बारावीचा, पण दुसऱ्या बोर्डाचा. त्यांनी विचारलं, तुमच्या मुलीचं काय ठरलंय? मी म्हटलं, पाच वाजता कळेल.

पावणेपाचला नवरा आला, डेकवरून. पिनांगचा किनारा दिसायला लागला होता आणि लोक कठड्याला रेलून हातातले फोन उंच धरून उभे होते, गच्चीवर अँटेना फिरवायचो तसे. त्यालाही दोन दांड्या मिळाल्या होत्या. पण त्याने काही उघडलं नव्हतं. "तिचं तिने सांगू दे," म्हणाला.

पाचला पाच मिनिटं कमी असताना ती आली. डोळे लाल होते का हे मी बघायचं टाळलं. वर, सोळाव्या डेकवर, नेटवर्क आल्याआल्या पहिला फोन आजीचा आला होता. सासूबाईंनी बरोबर एकला पाटाखालून हॉलतिकीट काढलं होतं, शेजारच्या मुलाला बोलावून त्याच्या फोनवर आसन क्रमांक घालायला लावला होता, आणि आईच्या नावाच्या जागी त्याने आधी आजीचंच नाव टाकलं म्हणून दोनदा चुकलं होतं. मग त्यांनी नातीला सगळे विषय एकेक करून वाचून दाखवले. इंग्रजी अक्षरांत लिहिलेले विषय त्यांना लागत नव्हते, म्हणून नुसते आकडे. कुठला आकडा कुठल्या विषयाचा ते धाकटीने ओळखायचं.

"सहाशेपैकी चारशे नव्वद," ती म्हणाली. "एक्क्याऐंशी पॉइंट सदुसष्ट. आजीला वाटलं चारशे नव्वद म्हणजे नापास, कारण पाचशे पण नाहीत."

अकाउंट्सला अपेक्षेपेक्षा दहा-बारा कमी होते, ते तिला लागलं होतं. मला विचाराल तर मला ते तेवढं लागलं नाही. मला लागलं ते हे की तो एक तास तिने आमच्याशिवाय काढला आणि तिला तो तसाच हवा होता. याची नोंद मी तेव्हा नाही, रात्री घेतली. तेव्हा थोरला आला, त्याने तिच्या डोक्यावर टपली मारली आणि विचारलं, "पार्टी कधी?"

पिनांगचं जॉर्जटाऊन शहर बंदराला लागूनच आहे. स्वेटनहॅम धक्क्यावरून बाहेर पडलं की समोर व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवाचा घड्याळाचा मनोरा, साठ वर्षांसाठी साठ फूट, आणि पलीकडे कॉर्नवॉलिस किल्ला. आम्ही दहा मिनिटांत चालत लिटल इंडियात. दुकानांपुढून जाणाऱ्या छपराखालच्या वाटा बघून मला फोर्टातल्या, डी. एन. रोडवरच्या कमानी आठवल्या. पाऊस आला तर आत सरकायचं, तेच. हे शहर आणि मलाक्का २००८पासून जागतिक वारसा यादीत आहेत. पण आम्ही वारसा कमी आणि पेढे जास्त शोधत होतो. निकालाचे पेढे पाहिजेत, हा माझा हट्ट. पेढे नव्हते. क्वीन स्ट्रीटवर महामारीअम्मन देवळाजवळ एका तमिळ मिठाईवाल्याकडे म्हैसूरपाक मिळाला. एक किलो घेतला. देवीपुढे एक तुकडा, एक रस्त्यावर भेटलेल्या त्या वडोदऱ्याच्या बाईंना, आणि एक त्या दुकानदारालाच, त्याने विचारलं म्हणून. "प्लस टू? एटी वन? व्हेरी गुड मा," तो म्हणाला, आणि चार लाडू वर टाकले. धाकटी दिवसात पहिल्यांदा नीट हसली.

रात्री हातगाडीवर ‘चार क्वे टिओ’ नावाचा पदार्थ खाल्ला, चपट्या तांदळाच्या नूडल्स, कोळंबी, शिंपल्या, लोखंडी कढईत भडक आचेवर परतलेल्या. आम्ही मासे खाणारी माणसं, पण यात बहुतेक ठिकाणी डुकराची चरबी असते, चालत नसेल त्यांनी आधी विचारावं.

पोर्ट क्लांगला आम्ही उतरलोच नाही. क्वालालंपूर तिथून बसने तासाभराहून लांब, जाऊन-येऊन दिवस बसमध्ये. बोट रिकामी झाली, घसरगुंड्यांना रांग नाही, आणि थोरला दुपारी दोनपर्यंत झोपला. त्याची अट पूर्ण झाली.

बुधवारी पहाटे दाराखालून हिशेबाचा कागद आला. बोटीवर रोख चालत नाही, प्रत्येकाच्या कार्डावर चढतं आणि शेवटी वडिलांच्या नावावर उतरतं. मुलांच्या कार्डावर मर्यादा घालता येते, हे आम्हाला तेव्हा कळलं. सेवाशुल्क माणशी, दिवसाला, आपोआप. नवरा चष्मा लावून एकेक ओळ वाचत होता आणि एका ओळीवर थांबला. सोमवार, रात्री ११.४०, बिअर, दोन. कार्ड थोरल्याचं.

आपल्याकडे महाराष्ट्रात बिअरला एकवीस पूर्ण लागतात, कडक दारूला पंचवीस. आमच्या बोटीवर अठरा. म्हणजे पोराने नियम मोडला नव्हता. मी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. या माणसाने स्वतःच्या वडिलांसमोर चाळिशी उलटेपर्यंत सुपारीसुद्धा खाल्ली नव्हती. त्याने कागदाची घडी घातली. थोरला आंघोळ करून बाहेर आला, तर त्याला म्हणाला, "दोन्ही तूच प्यायलास?"

थोरला थिजला. मग म्हणाला, "एक बाबा. दुसरी अर्धी. कडू होती."

"मग अर्धीचे पैसे दे," नवरा म्हणाला आणि बॅगेची चेन लावायला लागला. विषय संपला. निदान माझ्यासमोर तरी.

सिंगापूरला उतरलो तो ७ मे. फोन सुरू झाले आणि सगळ्या रांगेत एकदम शांतता पसरली. रात्री भारताने सीमेपलीकडे केलेल्या ‘ऑपरेशन सिंदूर’ कारवाईच्या बातम्या होत्या. घरच्यांचे फोन, विमान आहे ना, वेळेवर आहे ना. विमान वेळेवर होतं. किटली घ्यायला मात्र मी विसरले. पावती अजून पर्समध्ये आहे.

घरी पोचलो तेव्हा पहाटेचे चार. सासूबाई जाग्याच. धाकटी आधी देव्हाऱ्याकडे गेली, हॉलतिकीट तिथेच होतं, परत पाटाखाली. फोटोतल्या तिच्या कपाळावर हळदकुंवाचा डाग पडला होता, बरोबर टिकलीच्या जागी. तिने म्हैसूरपाकाचा डबा आजीच्या हातात दिला.

"बोट लागली काय गे कोणाक?" सासूबाईंनी विचारलं.

नवरा बॅगा आत ओढत होता. धाकटीने माझ्याकडे बघितलं, मी छताकडे.

"नाही आजी," थोरला म्हणाला. "पण आवळासुपारी संपली."